प्रकाशमान नगरातून ग्रहांचे छायाचित्रण : जुईनगरच्या गच्चीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

आकाशनिरीक्षणासाठी शहराबाहेर, अंधाऱ्या जागी जावे लागते, असा सार्वत्रिक समज आहे. तेजोमेघ व दीर्घिकांच्या बाबतीत हा समज खरा असला, तरी ग्रहांच्या छायाचित्रणास तो लागू पडत नाही. ग्रहांच्या प्रतिमेची गुणवत्ता आकाशाच्या काळोखावर नव्हे, तर हवेच्या स्थैर्यावर व ग्रहाच्या उन्नतांशावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात नवी मुंबईतील जुईनगर हे ठिकाण उदाहरणादाखल घेऊन, मध्यम आकाराच्या दुर्बिणीने ग्रहांचे छायाचित्रण कसे करता येते, त्यामागील भौतिकी कोणती, आणि अशा छायाचित्रांना वैज्ञानिक नोंदीचा दर्जा केव्हा प्राप्त होतो, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : ग्रहनिरीक्षण, खगोल छायाचित्रण, प्रकाशप्रदूषण, वातावरणीय अस्थैर्य, हौशी खगोलशास्त्र, नवी मुंबई.

१. प्रस्तावना

महाराष्ट्राला आकाशनिरीक्षणाची दीर्घ परंपरा आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नांतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. २० इंच व्यासाचा आरसा असलेली तिची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातील मोठ्या दुर्बिणींत गणली जात असे. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे या वेधशाळेचे पथक गेले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथकही तेथे आले होते. खगोलीय छायाचित्रणाशी महाराष्ट्राच्या भूमीचा संबंध इतका जुना आहे. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली.

पुढे १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, १९७७ मध्ये मुंबईत नेहरू तारांगण सुरू झाले आणि १९८० च्या दशकापासून खगोल मंडळासारख्या संस्थांनी मुंबईकरांना रात्रभर आकाश पाहण्याची गोडी लावली. या कार्यक्रमांसाठी मुंबईकर लोकलने वांगणीसारख्या ठिकाणी जातात, कारण मुंबईत तारे दिसत नाहीत. त्यातून एक अनुमान नकळत रूढ झाले आहे, ते असे की शहरात राहणाऱ्याने आकाशाचा अभ्यास करायचा, तर त्याने प्रथम शहर सोडले पाहिजे.

जुईनगर हे या अनुमानाची परीक्षा घेण्यास योग्य ठिकाण आहे. सानपाडा व नेरूळ यांच्या मध्ये वसलेल्या या वसाहतीच्या एका अंगाला शीव-पनवेल महामार्गाचे दिवे, पूर्वेस औद्योगिक क्षेत्र व त्यापलीकडे पारसिकच्या डोंगररांगा, तर पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. येथून आकाशगंगेचा पट्टा दिसण्याची आशा धरता येत नाही. तथापि, येथील एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून गुरूवरील पट्टे, शनीच्या कड्यांमधील कॅसिनी फट आणि मंगळाची ध्रुवीय टोपी यांची छायाचित्रे घेता येतात काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला निरीक्षणात्मक विज्ञान आपल्या घरून करता येईल की ते त्याने केवळ पुस्तकात वाचावे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

२. प्रकाशप्रदूषणाचा अडसर किती ?

खगोलशास्त्रात तेजस्विता ‘प्रती’ या एककात मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधुक; पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत १०० पटींचा फरक. पसरट वस्तूंच्या बाबतीत दर चौरस विकलेमागे किती प्रकाश येतो, हे पाहावे लागते. (एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला होतात.) मोठ्या शहराचे उजळलेले आकाश ढोबळमानाने १७ ते १८ प्रतीचे धरता येते. देवयानी दीर्घिकेचा बाहेरचा भाग याहून कितीतरी अंधुक असल्याने तो शहराच्या उजेडात बुडून जातो. याउलट, गुरूच्या बिंबाची पृष्ठप्रकाशिता सुमारे ५ ते ६ प्रतीची आहे. म्हणजे फरक सुमारे १२ प्रतींचा, आणि पटींत मांडल्यास तो ६० हजारांच्या घरात जातो. ज्या पार्श्वभूमीपेक्षा ग्रह ६० हजार पट उजळ आहे, ती पार्श्वभूमी थोडी अधिक उजळली वा मंदावली, तरी ग्रहाच्या छायाचित्रात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. शनी गुरूपेक्षा अंधुक असला, तरी त्याच्या बाबतीतही निष्कर्ष तोच राहतो. शुक्र व मंगळ यांविषयी तर शंकाच नको.

रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यात किंवा दुर्बिणीच्या तोंडात शिरल्यास त्रास होतो, हे मान्य करावे लागेल. परंतु त्यावर काळ्या कापडाचा आडोसा किंवा नळीला जोडलेली पुठ्ठ्याची वाढीव कड एवढा उपाय पुरेसा असतो.

३. खरा प्रतिस्पर्धी : हवेची चंचलता

दुर्बिणीचा व्यास जितका मोठा, तितका तपशील अधिक. २०० मिमी व्यासाच्या निर्दोष दुर्बिणीची सैद्धांतिक विभेदनक्षमता सुमारे ०.५८ विकला असते. गुरूचे बिंब ४५ विकलांचे असताना हे अंतर त्या ग्रहावर सुमारे १,८०० किमी भरते. गुरूवरील लाल डाग सुमारे १६ हजार किमी रुंद असल्याने तो या दुर्बिणीच्या आवाक्यात सहज येतो. शनीच्या कड्यांमधील कॅसिनी फट प्रतियुतीच्या सुमारास पाऊण विकलेची असते. तीही आवाक्यात आहे.

व्यवहारात मात्र एवढा तपशील एखाद्या क्षणीच दिसतो. वेगवेगळ्या तापमानाचे हवेचे थर एकमेकांत मिसळत असतात. उष्ण व थंड हवेचा अपवर्तनांक भिन्न असल्याने प्रकाशकिरण क्षणोक्षणी वेडेवाकडे वळतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून पाहताना दूरची वस्तू थरथरताना दिसते. दुर्बिणीतील ग्रह नेमका तसाच थरथरतो. ही चंचलता मोजण्यासाठी डेव्हिड फ्रीड यांच्या नावाने ओळखला जाणारा एक मापदंड वापरतात. ज्या व्यासाच्या वर्तुळात तरंगाग्र जवळजवळ सपाट राहते, तो व्यास म्हणजे फ्रीडचा मापदंड. हवेमुळे ताऱ्याची प्रतिमा सुमारे दोन विकला पसरत असेल, तर हिरव्या-पिवळ्या प्रकाशात हा मापदंड ५ ते ६ सेमी भरतो.

फ्रीड यांनी १९७८ मध्ये एक महत्त्वाचा प्रश्न विचारला. हवा चंचल असली, तरी एखाद्या अत्यल्प क्षणी संपूर्ण दुर्बिणीसमोरची हवा योगायोगाने स्थिर असण्याची संभाव्यता किती ? त्यांच्या उत्तरानुसार ही संभाव्यता दुर्बिणीचा व्यास व फ्रीडचा मापदंड यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते आणि गुणोत्तर वाढले की ती अतिशय झपाट्याने घसरते. उदाहरणार्थ, मापदंड ५ सेमी धरून त्यांच्या सूत्राने गणित केले असता पुढील चित्र दिसते. २०० मिमी दुर्बिणीसाठी गुणोत्तर ४ येते आणि उत्तम क्षणांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के असते. ३०० मिमी दुर्बिणीसाठी ते सुमारे २ टक्क्यांवर येते. ४०० मिमी दुर्बिणीसाठी सुमारे ३,८०० चित्रांत एक, एवढेच उरते. हे आकडे आदर्श परिस्थितीतील आहेत. दुर्बिणीतील व गच्चीवरील उष्णतेमुळे प्रत्यक्षातील प्रमाण याहून कमीच असते. तरीही त्यांतून निघणारा बोध स्पष्ट आहे. सामान्य हवेत १५० ते २५० मिमी व्यासाची दुर्बीण आपल्या पूर्ण क्षमतेच्या जवळ पोहोचू शकते. अधिक मोठी दुर्बीण घेतल्याने त्या प्रमाणात लाभ होईलच, असे नाही.

४. चलचित्रातून स्थिरचित्र

वरील विवेचनावरून छायाचित्रणाची पद्धती आपोआप ठरते. एकच दीर्घ प्रकाशन दिल्यास चांगले व वाईट सर्व क्षण एकमेकांत मिसळून जातील. म्हणून अत्यल्प प्रकाशनाची हजारो चित्रे घ्यावीत, त्यांतील उत्तम तेवढी निवडावीत आणि ती एकमेकांवर नेमकी जुळवून त्यांची सरासरी काढावी. या पद्धतीस ‘लकी इमेजिंग’ असे नाव आहे. सन २००० च्या आसपास संगणकाला जोडण्याचे साधे वेबकॅम दुर्बिणीस लावून हौशी निरीक्षकांनी ही पद्धत घरोघरी नेली. ‘रेजिस्टॅक्स’ व त्यानंतर ‘ऑटोस्टॅकर्ट’ यांसारख्या विनामूल्य संगणक आज्ञावलींनी निवडीचे व जुळवणीचे काम सोपे केले. पूर्वी मोठ्या वेधशाळांच्या छायाचित्रांत जो तपशील मिळत नसे, तो अशा रीतीने २०० मिमी दुर्बिणीतून मिळू लागला.

या पद्धतीतील प्रमुख टप्पे उदाहरणासह पाहू. दुर्बीण २०० मिमी व्यासाची व १,२०० मिमी नाभीय अंतराची आहे, आणि कॅमेऱ्यातील प्रत्येक चित्रबिंदू २.९ मायक्रॉनचा आहे, असे समजू.

पहिला टप्पा प्रतिमेच्या आकाराचा. ४५ विकलांचा गुरू या दुर्बिणीच्या नाभीवर केवळ ०.२६ मिमी, म्हणजे सुमारे ९० चित्रबिंदू एवढाच उमटेल. दुर्बिणीची विभेदनक्षमता पुरेपूर नोंदवण्यासाठी हे अपुरे आहे. मध्ये अडीचपट बार्लो भिंग बसवल्यास नाभीय अंतर ३,००० मिमी होते आणि गुरू सुमारे २२५ चित्रबिंदूंचा दिसतो. चित्रबिंदूचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला पाचने गुणावे. येणारी संख्या ही नाभीय अंतर व व्यास यांच्या योग्य गुणोत्तराच्या जवळ असते, असा व्यवहारातील नियम आहे. येथे तो १४.५ सुचवतो व आपल्याला १५ मिळतात. याहून अधिक विशालन केल्यास प्रतिमा मोठी होते, पण तिच्यातील माहिती वाढत नाही. प्रकाश मात्र विखुरतो.

दुसरा टप्पा अनुसरणाचा. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदास १५ विकला सरकते. वरील मांडणीत सुमारे ५.६ मिमी रुंद संवेदकावरून ग्रह साधारण २५ सेकंदांत आरपार निघून जातो. म्हणून मोटरवर चालणारी विषुववृत्तीय बैठक सोयीची ठरते. साध्या डॉब्सोनियन बैठकीवरही काम होते, परंतु ग्रह पुन्हा पुन्हा चौकटीत आणावा लागतो व तुकड्या-तुकड्यांनी चित्रण करावे लागते.

तिसरा टप्पा प्रकाशनाचा व कालमर्यादेचा. प्रत्येक चित्रास सुमारे १० मिलिसेकंद प्रकाशन दिल्यास सेकंदास १०० पर्यंत चित्रे मिळतात. दोन मिनिटांत १२ हजार चित्रे जमतात. ६४० गुणिले ४८० बिंदूंची चौकट धरली, तर त्यांचा आकार सुमारे ३.७ अब्ज बाइट होतो. मग आणखी वेळ चित्रण का करू नये ? कारण गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. बिंबाच्या मध्यभागी असलेला एखादा डाग मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. दोन मिनिटांत ही सरक जवळजवळ विभेदनक्षमतेएवढी होते आणि त्यानंतर तपशील पुसट होऊ लागतो. याहून दीर्घ चित्रण करावयाचे झाल्यास ‘विनजुपॉस’ या आज्ञावलीने परिवलनाची दुरुस्ती करता येते. मंगळाचे परिवलन बरेच संथ असल्याने त्याला अधिक वेळ देता येतो.

चौथा टप्पा निवडीचा. १२ हजारांपैकी उत्तम १० टक्के, म्हणजे १,२०० चित्रे एकत्र केली, तर चित्रातील यादृच्छिक कोलाहल १,२०० च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ३५ पटींनी कमी होतो. कोलाहल कमी झाल्यामुळेच पुढील तीक्ष्णीकरण शक्य होते. किती टक्के चित्रे घ्यावीत, याचा ठराविक नियम नाही. हवा स्थिर असेल तर अधिक घ्यावीत, चंचल असेल तर कमी.

या सर्वांपूर्वी दोन गोष्टी साधल्या पाहिजेत. आरशांचे अक्ष एका रेषेत हवेत आणि नाभीयन अचूक हवे. न्यूटोनियन दुर्बीण गच्चीवर चढवताना-उतरवताना तिचे आरसे हलतात, म्हणून त्यांची जुळणी प्रत्येक वेळी तपासावी. सदोष जुळणीची भरपाई कोणतीही आज्ञावली करू शकत नाही.

५. जुईनगरची अनुकूलता व प्रतिकूलता

जुईनगर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हीच त्याची सर्वांत मोठी अनुकूलता आहे. ग्रह आकाशात जितका उंच, तितका त्याचा प्रकाश कमी हवेतून येतो. तो क्षितिजाजवळ असला की हवा लोलकासारखी वागते आणि बिंबाची एक कड निळसर व दुसरी तांबूस होते. ३० अंशांच्या उंचीवर हे विचलन एक-दोन विकलांपर्यंत जाते. १० जानेवारी २०२६ रोजीच्या प्रतियुतीच्या वेळी गुरू मिथुन राशीत, सुमारे २२ अंश उत्तर क्रांतीवर होता. जुईनगरहून तो मध्यरात्री ८७ अंश, म्हणजे जवळजवळ डोक्यावर आला. लंडनहून तो सुमारे ६० अंशांवर होता. २७ जुलै २०१८ रोजीच्या प्रतियुतीच्या वेळी मंगळ खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २५ अंश होता. लंडनहून तो अवघ्या १३ अंशांपर्यंत चढला, तर जुईनगरच्या अक्षांशावर ४६ अंशांपर्यंत.

मात्र जुलैमध्ये कोकणात आकाश दिसत नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने निरीक्षकाच्या हिशेबातून वजा करावे लागतात. गुरूची प्रतियुती दरवर्षी सुमारे एक महिना पुढे सरकत असल्याने त्याच्या बारा वर्षांच्या फेऱ्यात चार वर्षे ती पावसाळ्यात येते. २०१९ ते २०२२ या चारही वर्षांत तसे घडले. तथापि, यात एक दिलासा आहे. जून-जुलैच्या प्रतियुतींच्या वेळी ग्रह विषुववृत्ताच्या दक्षिणेस असतात, तर डिसेंबर-जानेवारीच्या वेळी उत्तरेस. पाऊस जे हिरावून घेतो, ते तुलनेने खाली असलेले ग्रह होत. थंडीच्या स्वच्छ रात्री जे मिळते, ते माथ्यावरचे. शिवाय प्रतियुतीनंतरही काही महिने ग्रह संध्याकाळी चांगला दिसतो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी मंगळाची प्रतियुती पावसाळा सरताच आली. २२ विकलांहून मोठे बिंब ७५ अंशांपेक्षा अधिक उंचीवर, असा योग उत्तरेकडील देशांना लाभला नव्हता.

हवेच्या स्थैर्याचा विचार तीन पातळ्यांवर करावा लागतो. अत्युच्च वातावरणात हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमी झोतवारे वाहतात; ते दक्षिणेकडे सरकल्यास ग्रहाची प्रतिमा ‘उकळते’. मधल्या पातळीवर खारे व मतलई वारे आणि पूर्वेच्या डोंगरांवरून उतरणारी हवा यांचा परिणाम होतो. सर्वांत खालची पातळी खुद्द गच्चीची. दिवसभर तापलेला सिमेंटचा पृष्ठभाग रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे भाग गरम हवेचे झोत वर फेकतात. पहिल्या दोन पातळ्यांवर आपला ताबा नाही. तिसरीवर मात्र आहे. दुर्बीण निदान तासभर आधी बाहेर काढावी, म्हणजे तिचा आरसा हवेच्या तापमानास येईल. कोकणपट्टीत दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावत देशावरच्या मानाने कमी असल्याने हे लवकर साधते. गच्चीच्या मधोमध किंवा पत्र्याच्या छपराजवळ न बसता, वारा ज्या बाजूने येतो त्या कठड्याजवळ बसावे. शेजारच्या इमारतीच्या माथ्यावरून ग्रह दिसत असेल, तर तो आणखी वर येईपर्यंत थांबावे. संध्याकाळपेक्षा मध्यरात्रीनंतरची वेळ बहुधा अधिक अनुकूल असते.

धुरकट हवेविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. पावसाने धुतलेले निळेशार आकाश पारदर्शक असते, पण ते स्थिर असेलच असे नाही. उलट, वारा पडलेल्या, किंचित धुरकट रात्री तारे न लुकलुकता शांत तेवतात. ग्रहाचा प्रकाश विपुल असल्याने थोडा धुरकटपणा खपतो. चंचलता मात्र खपत नाही. ज्या रात्रीला आकाशनिरीक्षक एरवी नावे ठेवतो, तीच ग्रह छायाचित्रणास उत्तम ठरू शकते.

चंचलता कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे तरंगलांबी वाढवणे. फ्रीडचा मापदंड तरंगलांबीबरोबर वाढतो. ५५० नॅनोमीटरऐवजी ७५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात चित्रण केल्यास ५ सेमीचा मापदंड सुमारे ७.३ सेमी होतो. वर उल्लेखिलेल्या ३०० मिमी दुर्बिणीची उत्तम क्षणांची संभाव्यता त्यामुळे २ टक्क्यांवरून सुमारे ३९ टक्क्यांवर जाते. विभेदनक्षमता तेवढ्या प्रमाणात घटते, हे त्याचे मोल होय.

प्रतिकूलतेत दमट हवेचा उल्लेख अटळ आहे. भिंगांवर बुरशी धरते आणि लोखंडी भाग गंजतात. काम संपल्यावर दव पूर्ण सुकू द्यावे व मगच भिंगे सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवावीत. गच्चीच्या वापरासाठी गृहनिर्माण संस्थेची अनुमती व शेजाऱ्यांचा विश्वास आधीच मिळवावा. त्यांना एकदा शनीची कडी दाखवणे, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. शुक्राचे चित्रण करताना मात्र सूर्य क्षितिजाखाली गेल्याची खात्री करून घ्यावी. दुर्बिणीतून सूर्य नजरेस पडल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो.

६. तपशील खरा की भास ?

चित्रांची सरासरी काढल्यानंतर जे हाती येते, ते मऊ व पुसट असते. त्यास तीक्ष्ण करण्यासाठी तरंगिका-पद्धतीचा वापर करतात. येथेच निरीक्षकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. तीक्ष्णीकरण मर्यादेबाहेर गेले की मंगळाच्या कडेला खोटी दुहेरी रेषा उमटते, शनीच्या कड्यांत नसलेल्या फटी दिसू लागतात आणि कोलाहलाचे कण ढगांसारखे भासतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने चित्र ‘सुधारून’ देतात. अशी साधने पूर्वी पाहिलेल्या चित्रांच्या आधारे जे असावे ते भरतात. जे त्या रात्री होते, त्याची ती साक्ष नव्हे.

यावरील उपाय सोपा आहे. एकाच रात्री काही मिनिटांच्या अंतराने दोन स्वतंत्र चलचित्रे घ्यावीत व दोहोंवर सारखीच प्रक्रिया करावी. जो तपशील दोन्हींत दिसतो आणि ग्रहाच्या परिवलनानुसार अपेक्षित तेवढा सरकतो, तो खरा. जो एकात आहे व दुसऱ्यात नाही, किंवा जागचा हलत नाही, तो संशयास्पद मानावा. मूळ चलचित्र जपून ठेवावे, म्हणजे शंका आल्यास पुन्हा तपासणी करता येते.

चित्राला नोंदीचे मूल्य येते ते त्यासोबतच्या माहितीमुळे. दुर्बिणीचा व्यास, वापरलेला गाळक, हवेची स्थिती आणि विशेषतः जागतिक वेळ लिहिणे आवश्यक आहे. भारतीय प्रमाणवेळेतून ५ तास ३० मिनिटे वजा केली की जागतिक वेळ मिळते. जुईनगरमध्ये १० तारखेच्या पहाटेचे दोन वाजले असता जागतिक वेळेनुसार ९ तारखेचे २० वाजून ३० मिनिटे झालेली असतात, याचा विसर पडू नये. वेळेत एका मिनिटाची चूक झाली, तरी गुरूच्या विषुववृत्तावरील डागाच्या स्थानात सुमारे ७५० किमीची चूक होते.

७. हौशी निरीक्षणाचे वैज्ञानिक मोल

हे सर्व केवळ छंदासाठी करावयाचे काय ? अलीकडचा इतिहास तसे सांगत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये फिलिपिन्समधील सेबू शहरातून क्रिस्तोफर गो या हौशी निरीक्षकाने गुरूवरील ‘ओव्हल बीए’ या पांढऱ्या वादळाचा रंग तांबूस झाल्याचे आपल्या छायाचित्रांत प्रथम टिपले. सेबू हे उष्ण कटिबंधातील, समुद्रकाठचे, दिव्यांनी उजळलेले मोठे शहर आहे. जुईनगरशी असलेले त्याचे साम्य वेगळे सांगावयास नको. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना साडेचौदा इंची दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत गुरूवर एक नवा काळा डाग दिसला. कोणत्यातरी वस्तूने गुरूवर आदळून केलेला तो व्रण होता. त्यांनी कळवल्यानंतर मोठ्या दुर्बिणी व हबल अवकाश दुर्बीण तिकडे वळली. ३ जून २०१० रोजी वेस्ली यांनी गुरूवर क्षणभर चमकलेला प्रकाश नोंदवला आणि गो यांच्या चलचित्रातही तो स्वतंत्रपणे सापडला. एका निरीक्षकाच्या नोंदीला दुसऱ्याचा दुजोरा किती मोलाचा असतो, हे यावरून दिसते.

जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत पोहोचलेल्या जुनो यानाच्या कॅमेरा-चमूनेही हौशी निरीक्षकांकडून गुरूची चित्रे मागवली, कारण यान ग्रहाच्या अगदी जवळून जाताना संपूर्ण बिंबावरील हवामानाचे चित्र त्याला मिळत नसे. मोठ्या दुर्बिणींचा वेळ मर्यादित व आधीच वाटलेला असतो. त्या दररोज गुरूकडे पाहू शकत नाहीत. पृथ्वी फिरत असताना ऑस्ट्रेलियात पहाट होते, तेव्हा भारतात रात्र असते आणि युरोपात संध्याकाळ. गुरूवर अखंड लक्ष ठेवावयाचे, तर या साखळीत भारताच्या रेखांशावर निरीक्षक असणे आवश्यक आहे. आपण चित्रण केले नाही, तर त्या तासांची नोंद राहून जाण्याचा संभव असतो.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. ग्रहांच्या छायाचित्रणास प्रकाशप्रदूषण हा निर्णायक अडथळा नाही. हवेचे स्थैर्य व ग्रहाची उंची निर्णायक आहेत. जुईनगरचा अक्षांश ग्रहांना माथ्याजवळ आणतो व त्या बाबतीत ते युरोपातील बहुतेक ठिकाणांपेक्षा सरस आहे. मध्यम आकाराची दुर्बीण येथील हवेस अनुरूप आहे. पावसाळा वर्षाचे चार महिने घेतो, पण उत्तम प्रतियुतींचा काळ सोडून देतो.

महाविद्यालयांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की १५० ते २०० मिमी व्यासाची एक दुर्बीण, एक कॅमेरा आणि एक साधा संगणक एवढ्या सामग्रीवर प्रकाशकी, सांख्यिकी व प्रतिमा-संस्करण या तिन्ही विषयांचे प्रात्यक्षिक गच्चीवर घेता येईल. आयुकाने शिक्षक व हौशी निरीक्षकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. त्या परंपरेला चित्रण व नोंदी यांची जोड देणे, हे पुढचे पाऊल ठरेल. एका हंगामात दर आठवड्याला गुरूचे एक चित्र, नेमक्या वेळेच्या नोंदीसह जमवले, तरी लाल डागाचे सरकणे विद्यार्थ्याला स्वतः मोजता येईल.

प्रकाशप्रदूषण ही क्षम्य गोष्ट आहे, असे मात्र यातून सूचित करावयाचे नाही. आकाशगंगा न पाहिलेली एक पिढी या नगरांत मोठी झाली आहे आणि ती हानी ग्रहांच्या छायाचित्रांनी भरून निघणारी नाही. परंतु जे उरले आहे, तेही थोडके नाही. शीव-पनवेल महामार्गाच्या दिव्यांवर गुरू आजही उगवतो, आणि त्याच्याकडे रोखलेली दुर्बीण वांगणीला असो वा जुईनगरला, हवा शांत असेल त्या क्षणी ती त्याला सारखेच स्पष्ट पाहते. त्या क्षणाची वाट पाहण्याची तयारी तेवढी निरीक्षकापाशी असावी लागते.